लंडनला निघालेली सीताफळं

दुष्काळात विहीर आटते, तलाव आटतो, पण माणसाचं बोलणं वाढतं. शेतात काम नसतं, म्हणून आमच्या सीताफळ सोसायटीच्या ऑफिसात सकाळपासून माणसं येऊन बसतात. ऑफिस म्हणजे एक पत्र्याची खोली, एक टेबल, एक वजनकाटा आणि दारात एक बाज. तिथं रोज काहीतरी घडतं. नाही घडलं तर कोणीतरी कालचंच पुन्हा नव्यानं घडवून सांगतं. असे किस्से इतके साठलेत की पावसाचं पाणी एवढं साठलं असतं तर आम्ही भात लावला असता!

पण त्या एका वर्षाचे किस्से वेगळे. आज आम्ही हसत सांगतो खरे, पण तेव्हा आमच्यापैकी कोणाचीही भाकरी धड घशाखाली उतरत नव्हती.

आमचं गाव नांदूरघाटच्या वरच्या अंगाला, डोंगरात. पावसानं पाठ फिरवली की इथं दोनच गोष्टी उरतात. एक डोंगरावरची सीताफळं आणि दुसरी ऊसतोड. दसरा झाला की मुकादम येतो, नवऱ्याच्या हातावर दोघांच्या मजुरीची आगाऊ उचल ठेवतो, ती एकदा घेतली की सुटका नाही, आणि नवरा-बायकोची ती जोडी ट्रॉलीत बसून सहा महिन्यांसाठी कारखान्याला निघून जाते. माझा चुलतभाऊ मिलिंददादा आणि लतावहिनी दरसाल जायचे. सोसायटीचे चेअरमन साहेबरावकाका, तेसुद्धा काकूंना घेऊन जायचे. चेअरमनपद पोटाला घालता येत नाही!

त्या वर्षी वहिनीला सातवा महिना होता. दोन वर्षांपूर्वी उसाच्या फडातच तिचं एक बाळ गेलं होतं. 

मी इंग्लंडात सहकाराचा अभ्यास करून नुकतीच परत आले होते. तिकडे लंडनला मी ज्या दुकानातून कोथिंबीर घ्यायचे, त्याचे मालक रमणिकभाई; त्यांना मी आमच्या सीताफळांसाठी फोन केला. ते म्हणाले, "बेटा, एक बार भेज के दिखाओ. माल अच्छा पहुँचा, तो पूरा सीझन मैं लूँगा."

पूर्ण सीझनचा माल तिकडे गेला तर गावातल्या कोणालाच ट्रॉलीत बसायची गरज उरणार नव्हती. वहिनीलाही नाही.

*

पहिला प्रश्न आला अंतराचा. दगडूअण्णा म्हणजे आमच्या सोसायटीचे अंतरतज्ज्ञ. आयुष्यभर त्यांनी उसाचा ट्रॅक्टर चालवला. कुठलंही गाव किती लांब हे ते किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, किती वेळा चहाला थांबावं लागतं त्यावर सांगतात.

"पोरी, मुंबई ते लंडन किती?"

"सात हजार किलोमीटरच्या वर, अण्णा."

 काकांनी टोपी काढून पुन्हा घातली.

मी घाईघाईनं म्हटलं, "पण विमानानं साडेनऊ-दहा तासच लागतात."

अण्णांनी बोटांवर हिशेब केला. "आन आपल्याला ट्रॅक्टरनं कर्नाटकातल्या कारखान्यावर जायला दीड दिस लागतोय. म्हंजी लंडन कारखान्यापेक्षा जवळ हाय!"

काका म्हणाले, "मंग इतकी वर्षं आपण उलट्या दिशेलाच चाललोत की बे!"

सगळे खूप हसले. मला आनंद झाला, म्हणून मी आणखी एक माहिती दिली. जाताना वारा समोरून येतो, म्हणून लंडनला जायला जास्त वेळ लागतो आणि परत यायला कमी.

अण्णांचं हसू एकदम थांबलं. "जाताना जास्त, येताना कमी? रस्ता त्योच ना?"

"रस्ता तोच, अण्णा. वाऱ्यामुळं—"

"वारं कशाचं! डायवर थांबत आसंल वाटंत. मी तीस वर्षं डायवर हाय, मला सांगती का तू? आन मालाची गाडी वाटंत थांबली की माल गेला!"

त्यानंतर दोन दिवस गावात एकच चर्चा होती. विमानाचा ड्रायव्हर नेमका कुठं थांबत असेल?

*

मुकादम रोज यायचा. त्याची भीती वाटायची ती त्याच्या गोड बोलण्यामुळं. ओरडणारा माणूस परवडतो.

तो बाजेवर बसायचा, तंबाखू मळायचा आणि विचारायचा, "काय म्हणतंय म्याडम तुमचं इमान?"

"जाईल या आठवड्यात."

"जाऊ द्या, जाऊ द्या. चांगलं हाय. मला घाई न्हाई." मग चिमूट ओठात ठेवून म्हणायचा, "दुसऱ्या गावच्या टोळ्या भरल्या. तुमच्याच गावासाठी जागा ठिवलीय. फळं नासली तर लोकांनी जायचं कुठं? म्हणून ठिवलीय बरं का, मायेनं."

तो गेला की बाज बराच वेळ रिकामीच राहायची. तिच्यावर कोणी बसायचं नाही.

एकदा काकांनी त्याला जोरात सुनावलं. "आवंदा आमच्या गावातलं एक बी माणूस येणार न्हाई! सोसायटीनं ठरवलंय!"

मुकादम हात जोडून म्हणाला, "चेअरमनसाहेब, तुमचा शब्द म्हंजी शब्द. फकस्त रातच्याला झोप लागती का तुमाला?"

 त्यांचे डोळे तांबारलेले होतेच.

*

ज्यांना सीताफळाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. फळावरचे खवले फाकून मधली रेघ पिवळसर दिसायला लागली की आमच्याकडे म्हणतात, डोळा उघडला. डोळा उघडल्यावरच फळ तोडायचं. मग तीन-चार दिवसांत ते मऊ पडतं आणि त्यानंतर हातातच फुटतं. डोळा उघडायच्या आधी तोडलं तर ते कधीच पिकत नाही. दगडासारखं राहतं आणि काळं पडतं.

म्हणजे लवकर तोडलं तरी गेलं, उशिरा पोचलं तरी गेलं!

तोडणीच्या दिवशी डोंगरावर कोणी गाणं म्हटलं नाही. राणूमावशी आमच्याकडची जुनी तोडणारी. ती एकेका फळापुढं उभी राहून म्हणायची, "ह्याचा डोळा उघडलाय का गं? का मलाच तसं वाटतंय?" मी बघायचे, मग काकू बघायच्या, मग काका यायचे. एका फळाला चार माणसं! तोवर शेजारच्या फांदीवरचं पाखरानं खाल्लेलं असायचं.

संध्याकाळी शेडमध्ये खोके भरताना मावशीनं विचारलं, "वर इमानात गार आसतंय का गं?"

मी शिकलेली माणूस. खरं ते सांगितलं. "बाहेर खूप गार असतं मावशी. उणे पन्नास डिग्री."

"म्हंजी किती?"

"म्हणजे बर्फापेक्षाही कितीतरी गार. पण ते बाहेर. आत मालाच्या जागेत—"

माझं पुढचं कोणी ऐकलंच नाही. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. काका भिंतीला टेकून खाली बसले.

मी कागदपत्रं आणायला ऑफिसात गेले. परत आले तर सगळे खोके बंद करून, दोरी बांधून तयार! मला कौतुक वाटलं. सहकार म्हणतात तो हाच, असं मी मनात म्हटलं. न सांगता कामं होतात!

टेम्पो खोके घेऊन मुंबईला गेला.

*

दुसऱ्या दिवशी मी बघितलं, तर घरोघरी एक सीताफळ मांडून ठेवलेलं. कोणाच्या कोनाड्यात, कोणाच्या तांब्यावर, कोणाकडे देवाच्या फोटोपुढं.

"हे काय?"

"साक्षीदार!" अण्णा म्हणाले. "त्याच झाडाचं, त्याच येळंला तोडलेलं. हितं मऊ पडलं की समजायचं, तिथं बी मऊ पडलं."

मी समजावून सांगितलं. इथं पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं ऊन आहे, तिकडे माल गारव्यात आहे, दोन्हीचा काहीएक संबंध नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन पुन्हा फळ दाबून बघितलं. दाबून दाबूनच निम्मी फळं मऊ पडली!

काकांनी त्यांचं फळ रिकाम्या रांजणात ठेवलं होतं आणि वर ओलं पोतं. अण्णा फळ गालाला लावून बघायचे. म्हणायचे, "कडक हाय. कडक हाय अजून."

दुपारी राणूमावशीच्या घरातून किंकाळी आली. सगळे धावलो. मावशी उंबऱ्यात बसून कपाळ बडवत होती. तिचं साक्षीदार फळ शेळीनं खाल्लं होतं. देठासकट.

"गेलं गं! समदं गेलं!"

अण्णा म्हणाले, "मावशी, गप बस. इमानात शेळी नसतीय!"

मावशीनं डोळे पुसले आणि अण्णांकडे बघितलं. "तू बघितलंय का बे आतून?"

अण्णांनी कुठं बघितलं होतं!  घरी जाताना त्यांचं पाऊल जड झालेलं मला दिसलं.

लतावहिनीच्या घरात फळ नव्हतं. मी विचारलं, "वहिनी, तू नाही ठेवलंस?"

ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "ताई, एक हाय की माझ्यापाशी जपायला. दुसऱ्याचं भेव कशाला घिऊ?"

*

त्याच दिवशी मुंबईहून माल चढवणाऱ्या एजंटाचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, कारण आमच्या सोसायटीत एकट्यानं फोन ऐकलेला चालत नाही.

"मॅडम, खोक्यात काय पाठवलंय तुम्ही?"

"सीताफळं."

"सीताफळं आहेत हो. पण खाली गोधडी आहे!"

मी मागं वळून बघितलं. एकही बाई माझ्या नजरेला नजर देईना.

"प्रत्येक खोक्यात गोधडीचा तुकडा आहे. कागदावर लिहिलंय 'फक्त फळं'. सगळा माल उघडून तपासायला घेतलाय. आजचं विमान गेलं, मॅडम. उद्याच्या विमानात जागा मिळाली तर बघतो."

मिलिंददादा फोनजवळ सरकला. "उद्या? म्हंजी अजून एक दिस?"

मावशी हळूच म्हणाली, "उणे पन्नास डिग्री तूच म्हणालीस ना गं. लेकरागत वाढवलेली फळं. उघडी कशी पाठवायची?"

एजंट अजून फोनवरच होता. त्यानं मोठा श्वास सोडला. "आजी, गोधडी काढून टाकू का?"

मावशी म्हणाली, "काढा. पण फेकू नका वो. थंडीत आंगावर घ्या."

नंतर काका जागेवरून उठले ते थेट घरी गेले. रांजणावरचं पोतं त्यांनी पाणी मारून पुन्हा ओलं केलं. प्यायच्या पाण्यातलं पाणी!

*

दुसऱ्या दिवशी दुपारी विमान निघालं. एजंटानं नंबर पाठवला. गावात फोन लागतो, पण नेट मिळतं ते फक्त समाजमंदिराच्या गच्चीवर. सगळी सोसायटी गच्चीवर चढली. माझ्या मोबाइलवर नकाशा, आणि नकाशावर मुंगीएवढं पिवळं विमान.

"ह्यात आपली फळं हायेत?" काकूंनी विचारलं.

"यातच."

"आन माणसं बी?"

"वर माणसं, खाली माल."

काकूंनी हात जोडले. "वरच्यांनी पाय आपटू नये म्हंजी झालं."

उन्हं कलली तसं विमान समुद्रावर आलं. निळ्या रंगावर तो पिवळा ठिपका. मध्येच मिलिंददादा म्हणाला, "हालंना."

सगळे वाकले. खरंच, विमान जागच्या जागी होतं.

"थांबलंय!"

"समुद्रावर?"

अण्णा हलक्या आवाजात म्हणाले, "डिझेल संपलं."

वहिनी कठड्याला धरून खाली बसली. कोणीतरी तिला पाणी दिलं. तिनं तांब्या तोंडाला लावला, पण पाणी हनुवटीवरून पदरावर सांडत राहिलं.  नेट गेलं असणार हे मला कळत होतं, पण पान पुन्हा उघडायचं बटण सापडत नव्हतं. त्या क्षणी मला वाटलं, आपण या सगळ्यांना कुठं आणून सोडलं? समुद्राच्या मधोमध!

शेवटी स्क्रीन हलली. विमान एकदम उडी मारून जमिनीवर गेलं, कुठल्यातरी तपकिरी डोंगरांवर. मी ओरडले, "चाललंय! चाललंय!"

अण्णांनी डोक्याला हात लावला. "एवढी मोठी उडी? माल हालला की समदा!"

*

आणि आता शेवटचा. हा किस्सा आम्ही गावाबाहेर सांगत नाही, पण तुम्ही आपलेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमणिकभाईंचा फोन आला. ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. मुकादमही बाजेवर होता. बाया दारात उभ्या होत्या, वहिनी सगळ्यांच्या पुढं. मी स्पीकर लावला.

"बेटा, माल मिल गया."

"कसा आहे? कैसा है?"

"अरे, एकदम फर्स्ट क्लास! आधा तो सुबह ही बिक गया! अब अगले हफ्ते डबल भेजो. पूरा सीझन मेरा!"

मी दोन्ही हात वर करून ओरडले. माझा एकटीचाच आवाज झाला. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी हसलं नाही. सगळे पुरुष जमिनीकडे बघत होते.

"दादा, काय झालं?"

मिलिंददादा पुटपुटला, "मी उचल घेतली."

"कधी?"

"गोधड्या सापडल्या, त्या सांजंला."

वहिनीनं त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

अण्णा खाकरले. "मी बी घेतली. शेळीनं खाल्लं तवाच माझा धीर सुटला."

मग एकेक आवाज येत गेला. मी बी. मी बी. शेवटी सगळे काकांकडे वळले. काकांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"काका, तुम्ही? तुम्ही तर त्याला ठणकावून सांगितलं होतं!"

"पोरी, उणे पन्नास डिग्री ऐकलं आन त्याच रातीला गेलतो मी त्याच्याकडं. सगळ्यात पयला मीच."

फोनमधून आवाज येतच होता. "हेलो? हेलो? बेटा, भेजोगे ना? अगले हफ्ते?"

मुकादम तंबाखू मळत गोड हसला. "सांगा की म्याडम त्यांना. तोडायला माणूस न्हाई म्हणावं. परवा ट्रॉली निघतीय."

वहिनी पुढं आली. एक हात कमरेवर ठेवून तिनं वाकून फोनकडे तोंड केलं. "भेजते है, भाईसाब. डबल भेजते है." आणि तिनं फोन बंद केला.

मुकादम म्हणाला, "कोण तोडणार गं लते?"

"उचल कुणाच्या हातावर ठिवली तुमी?"

"तुझ्या नवऱ्याच्या."

"मग त्यांना न्या."

"उचल जोडीची हाय!"

"जोडीतल्या दुसरीला इचारलं व्हतं का?"

मुकादमाचा हात तळव्यावर थांबला. मागून काकू पुढं आल्या. "मला बी न्हाई इचारलं. सोसायटीत साध्या खोक्यांच्या खरेदीला बी आमचे अंगठे घेता. आन सहा महिन्यांचा जीव इकायला कावून न्हाई लागत?"

त्यांच्या मागं आणखी एक बाई येऊन उभी राहिली. मग आणखी एक. कोणी ओरडत नव्हतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसत होती, पण एकही बाई मागं सरली नाही. मुकादमानं काकांकडे बघितलं. काका टोपी घालायची विसरून गेले होते.

तिसऱ्या दिवशी ट्रॉली निघाली. बाया उजाडतानाच डोंगरावर गेल्या होत्या. वहिनी शेडच्या सावलीत बसून फळं निवडत होती. ट्रॉलीत नुसते पुरुष, एकमेकांना चिकटून बसलेले. मुकादम कोणाशी बोलत नव्हता. निरोप द्यायला गावातून मी एकटीच गेले होते.

चेअरमनकाका फळीला टेकून बसले होते. त्यांनी मांडीवर भाकरीचं पीठ मळायची काटवट आणि तवा दोन्ही हातांनी गच्च धरला होता. ट्रॅक्टर सुरू झाला, ट्रॉलीला हिसका बसला, तसा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते एकदम बाहेर वाकले आणि धुरळ्यातून मला ओरडून विचारू लागले,

"पोरी! ए पोरी! भाकरीच्या पिठात पाणी गार घालायचं का ऊन?"